चिंचोक्यांची डबी

परतवाड्याहून अकोटमार्गे हिवरखेडला जाणाऱ्या गाडीवर श्रावण सव्वीस वर्षं कंडक्टर होता, आणि त्या सव्वीस वर्षांत रस्ता कधी धड नव्हता. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. उलट पथ्रोटच्या पुढचा एक खड्डा त्याच्या खास आवडीचा होता. गाडी त्यात आदळली की माणूस कोणत्या घरचा, कोणत्या मुलखातला आणि कोणत्या वयाचा, हे त्याला तिकीट फाडायच्या आधीच कळायचं. त्या क्षणी तोंडातून जे निघतं ते कोणी निवडून काढत नाही.

म्हाताऱ्या मुसलमान बाया ‘या अल्ला’ म्हणत, त्यांच्या सुना ‘हाय अल्ला’ म्हणत आणि इंग्रजी शाळेतल्या नाती ‘ओह गॉड’ म्हणून मोकळ्या होत. वऱ्हाडातला साठीचा माणूस ‘अरे बाप्पा’ म्हणून टोपी सावरी. अंजनगावची कॉलेजातली पोरं नुसत्या ‘अबे’वर भागवत. धारणीकडून खाली उतरलेली हिंदी बोलणारी बाई ‘हाय राम’ म्हणे. बँकेत बदली होऊन आलेले पुण्याचे एक साहेब होते, ते ‘अहो’ म्हणत, म्हणजे खड्ड्यालाही मान. एकदा त्यांची बायको सोबत होती. ती ‘अगंबाई’ म्हणाली तेव्हा मागच्या तीन सीटांवरच्या बाया, ही आपल्यातल्या कोणाला बोलावते म्हणून पाहू लागल्या.

आणि श्रावण स्वतः ‘माय वो माय’ म्हणे. मिशीवाल्या माणसाच्या तोंडी हा बायांचा शब्द ऐकून नबी ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसायचा. पण ते श्रावणच्या घराचं वळण होतं. त्या घरात दचकल्यावर, भाजल्यावर, ठेचकाळल्यावर एवढंच म्हणायची परवानगी होती.

परवानगी देणारी त्याची माय, चतुराबाई. छप्पन साली तिनं नागपुरात दीक्षा घेतली. तेव्हा ती अठरा वर्षांची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. अचलपूरहून शकुंतला आगगाडीनं मूर्तिजापूर, तिथून नागपूर, सोबतीला वस्तीतल्या चार बाया. पांढरं लुगडं तिच्याजवळ नव्हतं, म्हणून नवऱ्याचं धुतलेलं धोतर नेसून ती गेली. नवरा, म्हणजे रामराव, एका मालकाकडे सालदार होता. कापसाची वेचणी तोंडावर आली होती, मालकानं डोळे वटारले आणि रामराव घरी राहिला. पुढं चार-सहा महिन्यांनी त्यानंही दीक्षा घेतली. पण ‘माह्याआधी माह्या धोतरानं दीक्षा घेतली,’ हे त्याचं वाक्य घरातल्या घरात मरेपर्यंत ठरलेलं होतं. तो हे हसत सांगायचा. चतुराबाई हसत नसे, पण कोणी सांगायचं विसरलं तर आठवण करून देत असे.

नागपूरहून परतल्यावर लोकांनी घरातले देव बाहेर काढले, तसे तिनंही काढले. तिसऱ्या दिवशी तव्याचा चटका बसला आणि तोंडातून निघालं, ‘अरे रामा’. तिच्या मायच्या तोंडी हा शब्द दिवसभर असायचा, तिथून तो तिच्या तोंडात येऊन बसला होता. आता ज्याला देव मानणार नाही म्हणून लाखो लोकांत उभं राहून शपथ घेतली, तोच चुलीपाशी हजर. त्यात नवऱ्याचं नावही तेच, आणि त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. म्हणजे त्या शब्दाला दोन दोन कुलपं होती, तरी तो निसटला.

घर एका दिवसात रिकामं होतं, तोंडाला वेळ लागतो, हे तिला उमगलं. तिनं पितळेची एक डबी काढली. चुकून देवाचं नाव निघालं की डबीत एक चिंचोका टाकायचा. पहिल्या महिन्यात डबी दोनदा भरली. मग आठवड्याला चार, मग महिन्याला एखादा. श्रावण शाळेत जायला लागला तोवर तिचे चिंचोके बंद झाले होते आणि पोरांचे सुरू झाले होते. ती ओरडत नसे, मारत नसे. चिंचोका हातावर ठेवायची आणि त्याची मूठ मिटवायची. ज्याचा चिंचोका त्यानं स्वतः जाऊन डबीत टाकायचा. डबी भरली की ती चिंचोके भाजून पोरांना खायला द्यायची, म्हणून श्रावण लहानपणी मुद्दाम ‘देवा शप्पथ’ म्हणून पाही. मुद्दाम म्हटलेलं तिला लगेच कळायचं, आणि त्याला चिंचोका मिळत नसे.

“भेव लागला तं मायले हाक मार,” ती म्हणायची. “माय खरोखरची असते.”

श्रावणची पोरगी रश्मी कॉलेजात गेली आणि ‘ओ माय गॉड’ घेऊन घरी आली. चतुराबाईनं विचारलं, “थो गाड कोन हाय वं?”

“आजी, तो नुसता म्हणायचा शब्द आहे,” रश्मी म्हणाली.

“सगळे नुसते म्हनायचेच अस्तेत,” म्हातारी म्हणाली आणि नातीच्या हातावर चिंचोका ठेवला. सत्तरीला टेकलेली ती बाई पौर्णिमेला विहारात पुढं बसून वंदना घ्यायची, आणि वस्तीतल्या निम्म्या पोरांनी तिच्या हातचे चिंचोके खाल्ले होते.

दोन हजार सहाच्या जुलैत, सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली आणि उठली नाही. उजवं अंग गेलं. श्रावणनं तिला अमरावतीला नेलं. पाच दिवस तिच्या तोंडून आवाज नव्हता. सहाव्या दिवशी श्रावण तिला चमच्यानं पेज पाजत होता. थोडी पेज हनुवटीवरून ओघळली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, ओठ जुळवले, आणि अगदी स्वच्छ म्हणाली, “अरे रामा.”

श्रावणच्या हातातला चमचा थांबला. त्याहून जास्त ती थांबली. तिनं पुन्हा ओठ जुळवले, बहुधा ‘श्रावन’ म्हणायला, आणि पुन्हा तेच निघालं. तिसऱ्यांदा तेच. मग तिनं डाव्या हातानं स्वतःचं तोंड झाकून घेतलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. श्रावणला त्या दिवशी जे वाटलं ते त्याला बाप गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी सांगितलं की तिला सगळं समजतं, पण बोलण्याची जागा दुखावली आहे. अशा वेळी विचार करून बोलायचे शब्द जातात आणि विचार न करता निघणारे राहतात. कोणाची शिवी राहते, कोणाचा उद्गार राहतो.

“पन डॉक्टरसाहेब, हा शब्द तं तिनं चाळीस-पन्नास वर्सं काढलाच नाई,” श्रावण म्हणाला.

“त्याच्या आधी?”

“आधी अठरा वर्सं.”

“मग तो सगळ्यांत खाली असेल,” डॉक्टर म्हणाले. “वरचं गेलं. खालचं राहिलं. बोलू द्या त्यांना, जे येईल ते बोलू द्या. गप्प राहिल्या तर तेही जाईल.”

घरी आल्यावर चतुराबाईनं पहिली खूण केली ती फळीवरच्या डबीकडे. श्रावणच्या बायकोनं, जाईबाईनं, डबी आणि चिंचोक्यांची पुरचुंडी तिच्या उशाशी ठेवली. ‘अरे रामा’ निघालं की डाव्या हातानं चाचपडत ती एक चिंचोका उचलायची आणि डबीत टाकायची. पाणी मागितलं, एक चिंचोका. ऊन आलं म्हणून सांगितलं, एक चिंचोका. दुपारपर्यंत डबी भरे. जाईबाई ती पुरचुंडीत रिकामी करून पुन्हा उशाशी ठेवी, आणि हे करताना ती सासूच्या डोळ्यांकडे पाहत नसे.

आठवड्याभरानं चतुराबाईनं बोलणंच सोडलं. तोंडात पदराचा बोळा कोंबून पडून राहायची. डॉक्टरनं सांगितलेलं श्रावणनं दहादा समजावलं. “माय, काहीबी म्हन. मले समजते तू काय म्हनतं थे.” हे खोटं होतं. त्याला काही समजत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून तो अंदाज बांधायचा आणि पाच वेळा चुकायचा.

मग एके दिवशी श्रावण कामावर, रश्मी कॉलेजात आणि जाईबाई रेशनच्या रांगेत असताना चतुराबाई खाटेवरून खाली पडली. शेजारच्या बिस्मिल्लाबीनं सांजच्याला डोकावलं तेव्हा ती जमिनीवर होती, कपडे ओले झालेले, कोपर सोललेलं. मधली भिंत एकेरी विटेची. बिस्मिल्लाबी दिवसभर भिंतीपलीकडे गोधडी शिवत बसली होती. एक हाक पुरली असती.

“दोन घंटे तरी पडून व्हती बेटा, पन आवाज नाई देल्ला,” बिस्मिल्लाबी श्रावणला म्हणाली. मग ती खाटेपाशी बसली आणि चतुराबाईचा हात हातात घेतला. “चतुरा, माह्या तोंडातून दिवसातून शंभर डाव अल्ला निघते. सुईत धागा नाई गेला तरी अल्ला, मांजरीनं दूध पेलं तरी अल्ला. थे काय नमाजात धरतेत का? थो तं श्वास हाय. बाप्पा, श्वासाले कोनी दंड लावते का?”

चतुराबाईनं ते सगळं ऐकलं. तिचा चेहरा जरा सैल झाला. तिनं काहीतरी प्रेमाचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, ‘अरे रामा’ म्हणाली, आणि हात सोडवून चिंचोका शोधू लागली.

श्रावण कामावर जायचा, कारण रजा संपली होती. पथ्रोटच्या पुढच्या खड्ड्यात त्याला आता मौज वाटेना. शिवाय गाडीतलं बोलणंही बदललं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी वाटेतल्या एखाद्या थांब्यावर कोणी चढायचा आणि सांगायचा की अमक्या गावात एकानं औषध घेतलं. औषध म्हणजे फवारणीचं. तेव्हा अख्ख्या गाडीतून एकदम उठायचं, बाप्पा, या अल्ला, माय वो, अरे रे रे. प्रत्येकाचं वेगळं आणि सगळ्यांचं एकच. मग अशा बातम्या आठवड्याला येऊ लागल्या, मग दिवसाआड. त्या पावसाळ्यात हिवरखेडच्या अलीकडे एक जण चढला, त्यानं तीच बातमी सांगितली आणि गाडीत कोणी काही म्हणालं नाही. पुढच्या सीटवरच्यानं ‘कोनाचा?’ एवढं विचारलं, नाव ऐकलं आणि खिडकीबाहेर पाहू लागला. श्रावणनं तिकिटं फाडली. घरी एक शब्द जात नाही म्हणून माय रडते आणि इथं एवढ्या लोकांजवळ एक शब्द उरला नाही, हे त्याला तेव्हा वाटलं, आणि दोन्हींवर आपल्या हाती काही नाही हेही वाटलं.

सप्टेंबरात ललित आला. हा वस्तीतलाच, झेडपीच्या शाळेवर मास्तर, विहार समितीचा सचिव. दीक्षेला पन्नास वर्षं होत होती. चौदा ऑक्टोबरला विहारात कार्यक्रम होता, आणि छप्पन साली नागपूरला गेलेल्यांपैकी वस्तीत आता एकट्या चतुराबाई उरल्या होत्या. त्यांचा सत्कार ठरला होता.

ललितनं पाया पडून पत्रिका तिच्या हातात दिली. म्हातारीला इतका आनंद झाला की तिला पदराच्या बोळ्याचं भान राहिलं नाही. “अरे रामा,” ती म्हणाली. बस म्हणायचं असेल, नाहीतर चहा घे.

ललित चमकला. त्यानंही लहानपणी या बाईच्या हातून चिंचोके घेतले होते. त्यानं श्रावणकडे पाहिलं. चतुराबाईनंही पाहिलं. तिचा डावा हात पुरचुंडीकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. श्रावणला तिच्या चेहऱ्यावरची लाज पाहवेना. तो बोलून गेला, “बाबाले हाक मारते. लकव्यापासून बाबाचंच नाव घेऊन राहिली.”

ललितचे डोळे भरून आले. “जन्मभर नवऱ्याचं नाव नाही घेतलं आजीनं,” तो म्हणाला, “आणि आता तेवढंच उरलं.”

चतुराबाई जोरात मान हलवू लागली. डोळे मोठे करून तिनं श्रावणकडे बोट दाखवलं आणि सांगायला गेली की हा खोटं बोलतो. “अरे रामा. अरे रामा.” ललितनं डोळे पुसले आणि तिचे हात हातात घेतले. श्रावणनं मान खाली घातली. लबाडी अशी बेमालूम बसली होती की ती मोडायला म्हातारीजवळ जो एकच शब्द होता, तोच तिचा पुरावा झाला होता.

दोन दिवसांत गोष्ट वस्तीभर झाली. बाया भेटायला येऊ लागल्या. खाटेशी बसायच्या, म्हातारी कधी बोलते याची वाट पाहायच्या, बोलली की नाकाला पदर लावायच्या. एकीनं तर आपल्या भांडकुदळ सुनेला मुद्दाम ऐकायला आणलं. चतुराबाई दातांवर दात दाबून पडून राही. पण पाठीला खाज सुटते, पायाला मुंगी चावते, आणि मग ते निघायचंच. तिनं आता डबीत चिंचोके टाकणंही बंद केलं होतं. श्रावण खोलीत आला की ती भिंतीकडे तोंड करी.

श्रावणला खरं सांगायच्या तीन संधी मिळाल्या. ललित फोटो न्यायला आला तेव्हा तो म्हणाला, “काका, रामरावबाबांचाही द्या, जोडीचा बोर्ड करतो.” श्रावणनं म्हणायला हवं होतं की बाबा नागपूरला गेलाच नव्हता. त्यानं भिंतीवरचा फोटो काढून दिला. बोर्डाचा मजकूर दाखवायला ललित डेपोत आला. ‘जोडीनं दीक्षा घेणारे रामराव व चतुराबाई’ हे श्रावणनं दोनदा वाचलं आणि ‘बरं हाय’ म्हणाला, कारण गाडी सुटायची वेळ झाली होती. तिसऱ्या वेळी सन्मानचिन्हावर नावं कोरून झाली होती. पितळेवरचं आता कोण पुसणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ज्या बाईनं एक शब्द तोंडातून काढायला वर्षानुवर्षं घेतली, तिच्या पोटी हा असा चालढकल करणारा कसा निपजला, हे तोच स्वतःला रात्रंदिवस विचारत होता.

चौदा तारखेला जाईबाईनं सासूला पांढरं लुगडं नेसवलं. श्रावण आणि ललितनं तिला खुर्चीसकट उचलून मांडवात नेलं. तिची डावी मूठ घरून निघाल्यापासून मिटलेली होती. वर मोठा निळा बोर्ड, त्यावर ती आणि रामराव शेजारी शेजारी. तिनं बोर्ड पाहिला. वाचता येत नव्हतं, पण फोटो दोन आहेत हे दिसत होतं. मग ललितनं माइकवर सांगितलं की पन्नास वर्षांपूर्वी हे जोडपं पांढरी वस्त्रं नेसून हातात हात घालून नागपूरच्या मैदानावर उभं होतं. हातात हात त्यानं स्वतःच्या पदरचा घातला. चांगल्या मनाच्या माणसाला लबाडी सापडली की तो ती सजवतो.

“आजी फार बोलू शकत नाहीत,” ललित म्हणाला, “पण एक नाव त्या घेतात. आजी, तेवढं घ्या.” त्यानं माइक तिच्या तोंडाशी धरला.

तिनं ओठ गच्च मिटले आणि मान हलवली. लोकांना तो लाजाळूपणा वाटला. मागून कोणी बाई कौतुकानं हसली. चतुराबाईचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या, आणि तिनं सगळा जीव एकवटून ‘नाई’ म्हणायचा प्रयत्न केला.

“अरे रामा.”

टाळ्या पडल्या. तिनं पुन्हा प्रयत्न केला, मोठ्यानं. टाळ्या वाढल्या. तिनं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा म्हटलं, आता जवळजवळ ओरडून, आणि बाया हमसून रडू लागल्या. खुर्चीमागे उभ्या असलेल्या श्रावणला पहिल्यांदा तिचं बोलणं शब्दन् शब्द कळलं. ती म्हणत होती, नाही, नाही, मी एकटी गेले होते.

मग ती थांबली. डावा हात खांद्यावरून मागं नेऊन तिनं श्रावणचा हात शोधला. त्याच्या तळव्यावर चिंचोका ठेवला आणि त्याची मूठ मिटवली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, मुलगी लग्नाला आलेल्या माणसाची.

“काका, दोन शब्द तुम्हीही बोला,” ललितनं माइक त्याच्यासमोर धरला. श्रावणनं ठरवलं, आता सांगायचंच. त्यानं मूठ घट्ट केली, शेपाचशे माणसांकडे पाहिलं, तो घाबरला, आणि तोंड उघडलं तर निघालं, “अरे रामा.”

तीन महिने दिवसरात्र ऐकलेलं होतं, कधी येऊन तोंडात बसलं ते त्याला कळलंच नव्हतं. पण मांडवातल्या टाळ्या थांबल्या. बायको शेवटच्या दिवसांत नवऱ्याला नावानं हाक मारील. पोरगा बापाला ‘अरे’ म्हणत नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ललितच्या हातातला माइक खाली आला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून श्रावणला दिसलं की त्याला लहानपणची डबी आठवली आहे.

श्रावणनं माइक हातात घेतला. “थे बाबाचं नाव नाई,” तो म्हणाला. “म्या खोटं सांगतलं. मायचा लहानपनचा शब्द हाय थो. दीक्षेनंतर तिनं टाकून देल्ला व्हता, लकव्यानं बाकी सारं नेलं आन् थोच ठिवला. थे जानूनबुजून म्हनत नाई. तिले त्याचा लय तरास होते.” त्यानं बोर्डाकडे हात केला. “आन् माहा बाप नागपूरले गेला नव्हता. थो मालकाच्या वावरात व्हता. माय एकटी गेलती. त्याचं धोतर नेसून.”

कोणी हसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. मघाशी रडलेल्या बाया आता जमिनीकडे पाहत होत्या. ललितनं तिच्या खांद्यावर शाल घातली आणि दोघांची नावं कोरलेलं सन्मानचिन्ह मांडीवर ठेवलं, कारण दुसरं नव्हतं. मग बारक्या मुलींचं नृत्य होतं, ते सुरू झालं. बोर्ड तसाच होता.

ऑटोतून घरी येताना चतुराबाई बाहेर पाहत होती. तिला बरं वाटलं की वाईट, लाज कमी झाली की वाढली, श्रावणला काही कळेना. सगळ्यांसमोर खरं सांगून आपण तिला सोडवलं की उघडं पाडलं, हेही कळेना. विचारायचं तर उत्तर ठरलेलं होतं.

घरी तिला खाटेवर निजवल्यावर तो डबीपाशी गेला आणि मुठीतला चिंचोका त्यानं आत टाकला. मग वळून म्हणाला, “माय, हा लबाडीचा. म्या तिथं थो शब्दबी काढला. त्याचा येगळा लागते का?”

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताची दोन बोटं वर केली. तिच्या तोंडाचा डावा कोपरा हलला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा श्रावणला माय ओळखीची दिसली. त्यानं पुरचुंडीतून आणखी एक काढला आणि डबीत टाकला.

तो दिवा लावायला बाहेर निघाला तेव्हा तिनं मागून हाक मारली. हळू, मऊ आवाजात, काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखी. तो परत आला, खाटेशी बसला, पाणी दाखवलं, गोधडी दाखवली, पाय चेपू का म्हणून विचारलं. तिनं दरवेळी नाही म्हणून मान हलवली आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा, समजावून सांगावं तसा म्हणत राहिली. चिंचोक्याकडे तिचा हात एकदाही गेला नाही. अंधार पडेपर्यंत श्रावण ऐकत बसला होता, आणि ती काय सांगत होती ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.